पैशालाही बांध हवा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

ट्रस्ट हा शब्द उच्चारला की आपल्याकडे डोळ्यांसमोर आधी देऊळ येतं, मग शाळा आणि मग वर्तमानपत्रात येणारी विश्वस्तांची भांडणं. आम्हा चिखलीकरांच्या बाबतीत तर हे साहजिकच आहे. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि मध्ये तुकोबांच्या टाळाची आख्यायिका सांगणारी आमची टाळगाव चिखली. संस्थान, विश्वस्त, धर्मादाय आयुक्त हे शब्द लहानपणापासून कानांवरून गेलेले. पण आज मी ज्या ट्रस्टविषयी बोलणार आहे, त्याचा देवळाशी संबंध नाही आणि धर्मादाय आयुक्तांशीही नाही. सार्वजनिक ट्रस्टसाठी महाराष्ट्रात १९५० चा कायदा आहे. घरातल्या पैशासाठी, घरातल्याच माणसांकरिता जो ट्रस्ट केला जातो, त्याला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागू होतो. कायदा इतका जुना, तरी अनेक सुशिक्षित घरांतही त्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं.

मुळात कल्पना फार साधी आहे. एखादा माणूस मेव्हण्याच्या हातात पैसे देतो आणि म्हणतो, 'दाजी, हे माझ्या मुलीच्या शिक्षणाचे. तुमच्याजवळ राहू द्या, लागतील तसे तिला देत जा.' इथे तीन माणसं आली. देणारा, सांभाळणारा आणि जिच्यासाठी दिले ती. कायद्याच्या भाषेत न्यासकर्ता, विश्वस्त आणि लाभार्थी. कागदावर मालक विश्वस्त असतो, पण त्या मालकीचा लाभ त्याला घेता येत नाही. दाजींनी ते पैसे स्वतःच्या ट्रकच्या हप्त्यात भरले तर तोंडी व्यवहारात मुलीच्या हाती रडणंच उरतं. ट्रस्टपत्र लिहिलेलं असेल तर तिला कोर्टात उभं राहता येतं आणि हिशेब मागता येतो. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

आता हे चिखलीत बसून का सांगायचं? कारण गेल्या पन्नास वर्षांत आमच्या या पट्ट्यात जमिनीचा पैसा झाला. साठच्या दशकात एमआयडीसी आली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, १९९७ साली चिखली महापालिकेत गेली. कुणाची जमीन संपादनात गेली, कुणी बिल्डरला दिली, कुणी अजून साडेबारा टक्के परताव्याच्या फायली सांभाळून आहे. ज्या घरात वर्षाकाठी ज्वारीची पोती मोजली जायची, त्या घरात एका दिवसात धनादेश आला.

जमीन होती तोवर तिला स्वतःचा एक हट्टीपणा होता. ती विकायची तर सातबाऱ्यावरच्या साऱ्यांच्या सह्या लागायच्या. बहीण सासरहून यायची, चुलता अडून बसायचा, कुणीतरी हरकत घ्यायचं. त्या कटकटीला आपण कंटाळायचो, पण त्या कटकटीनेच जमीन टिकवली होती. बँकेतला पैसा मात्र एका सहीने निघतो. लग्न, गाडी, दोस्ताच्या धंद्यात भागीदारी, निवडणूक, आणि जमीन देणाऱ्याचा नातू हिंजवडीला दुसऱ्याची गाडी चालवतो. ही गोष्ट मी नावानिशी सांगणार नाही, ऐकणाऱ्याला आपल्या गावातलं एखादं घर आठवेलच. खासगी ट्रस्ट म्हणजे पैशाला पुन्हा तो बांध घालून देणं. याच कायद्याच्या ४८ व्या कलमात म्हटलं आहे, की विश्वस्त एकाहून अधिक असतील तर ट्रस्टपत्रात वेगळं काही नसल्यास सर्वांनी मिळूनच निर्णय घ्यायचा. सातबाऱ्यावरच्या सह्यांचीच ही आवृत्ती.

पण बांध घातला म्हणजे काम झालं असं नाही. विश्वस्त थोर असले तरी काय होऊ शकतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे, आणि ते साक्षात लोकमान्यांचं आहे. ताईमहाराज प्रकरण हे नाव बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं, पण तो एका घराच्या इस्टेटीच्या विश्वस्तांचा खटला होता हे फारसं कुणी लक्षात घेत नाही.

पुण्याचे एक सरदार, बाबा महाराज पंडित, ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि टिळक, दादासाहेब खापर्डे आणि इतर काही जणांना विश्वस्त नेमलं. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. पण मरणाऱ्या मित्राला नाही कसं म्हणायचं? मृत्युपत्रातली व्यवस्था अशी होती: पत्नी ताईमहाराज गरोदर आहेत, मुलगा झाला आणि जगला तर तो वारस. नाही तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा आणि तो वयात येईपर्यंत विश्वस्तांनी इस्टेट सांभाळावी. मुलगा झाला, पण तो जगला नाही. इस्टेटीवर कर्ज होतं, म्हणून विश्वस्तांनी खर्चाला कात्री लावली. घरातल्या तरुण विधवेला ती कात्री कशी वाटली असेल याची कल्पना करा. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ या मुलाचं दत्तविधान झालं. दोन महिन्यांच्या आत ताईमहाराजांनी दुसरा मुलगा दत्तक घेतला. विश्वस्तांमध्येही फूट पडली.

पुढचा इतिहास कोर्टांचा आहे. टिळकांवर खोटी साक्ष दिल्यापासून अनेक आरोप झाले, १९०३ च्या ऑगस्टमध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मार्च १९१५ मध्ये जगन्नाथ महाराजांचं दत्तविधान कायम केलं. मृत्युपत्र झाल्यापासून साडेसतरा वर्षं. मधल्या काळात टिळक मंडालेला सहा वर्षं काढून परत आले होते.

यात टिळकांचा प्रामाणिकपणा शेवटी निर्विवाद ठरला. मला त्यात दिसतं ते वेगळंच. दस्तऐवज मरणाच्या दिवशी घाईत झाला. जिच्या आयुष्याची व्यवस्था लावली जात होती तिचं मत कुणी विचारल्याचं दिसत नाही. विश्वस्तांचं आपसांत जमेनासं झालं तर पुढे काय, याचं उत्तर नव्हतं. आजही माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक मसुद्यांत हेच दुवे सुटलेले असतात. म्हणून माझं सांगणं असतं की ट्रस्ट करायचा तर धडधाकट असताना करा, आणि ज्यांच्यासाठी करताय त्यांना समोर बसवून करा.

करायचा कसा? पहिला प्रश्न, पैसा कुणाचा? आपल्याकडे वडील सहज म्हणतात, 'सगळं माझंच आहे.' वडिलोपार्जित जमिनीच्या बाबतीत ते खरं नसतं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीही जन्माने सहदायाद झाल्या, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही. तेव्हा बहिणींचा हिस्सा बाजूला न काढता सारी रक्कम मुलांच्या नावाच्या ट्रस्टमध्ये घातली, तर ट्रस्ट पहिल्याच दाव्यात अडकतो. आधी वाटणी, मग आपापल्या हिश्शाचा ट्रस्ट. अज्ञान मुलाच्या हिश्शाचा ट्रस्ट करायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. स्वकष्टार्जित पैसा असेल तर हा प्रश्न येत नाही.

दुसरा प्रश्न, ट्रस्टमध्ये घालायचं काय? पैसा, मुदत ठेवी, शेअर असतील तर ते विश्वस्तांच्या ताब्यात देऊनही ट्रस्ट होतो, पण कागद करावाच. घर किंवा जमीन असेल तर लेखी आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं ट्रस्टपत्र हवं, नाहीतर मृत्युपत्र हवं. मुद्रांक शुल्क किती हे सही करण्याआधी निबंधक कार्यालयात विचारा, नंतर ऐकून धक्का बसतो. शेतजमिनीला तर शेतकरी नसलेल्याकडे हस्तांतर करण्यावरचे कुळकायद्याचे निर्बंध आहेत. मी तर सांगतो की सुरुवात रोख रकमेने करा, जमिनीच्या वाटेला नंतर जा.

ट्रस्टपत्रात लाभार्थी कोण, कशासाठी पैसा द्यायचा, किती वर्षांनी ट्रस्ट संपणार आणि संपल्यावर उरलेलं कुणाला, हे स्वच्छ लिहिलेलं असावं. 'कुटुंबाच्या भल्यासाठी' हे शब्द ऐकायला गोड आहेत, पण भांडण लागतं ते याच शब्दांवर. लिहायचं कसं? मुलीच्या कॉलेजची फी थेट कॉलेजला, आईला दरमहा अमुक रक्कम आणि दर तीन वर्षांनी तिच्यात वाढ, आजारपणाचा खर्च बिलाप्रमाणे. सात पिढ्यांपर्यंत मालमत्ता बांधून ठेवायचं मनात असेल तर ते विसरा. कायदा हयात असलेल्या व्यक्तींच्या आयुष्यापलीकडे फार तर पुढच्या लाभार्थ्याच्या सज्ञान होण्यापर्यंत जाऊ देतो.

विश्वस्त तीन असावेत असं माझं मत. दोन असले की अडतं, पाच असले की कुणीच येत नाही. एक वडिलांकडचा, एक आईकडचा आणि एक बाहेरचा, हिशेब समजणारा. त्यातल्या एकाने राजीनामा दिला किंवा तो वारला तर नवा कोण नेमणार, हे ट्रस्टपत्रातच लिहा. आणि विश्वस्ताला मोबदला हवा असेल तर तेही लिहा, कारण ट्रस्टपत्रात तशी तरतूद किंवा करार नसेल तर विश्वस्ताला मेहनताना मागता येत नाही. फुकटचं काम दुसऱ्या वर्षापासून मागे पडतं, हा अनुभव आहे.

ट्रस्टची सर्वांत जास्त गरज ज्या घरांत आहे, ती घरं श्रीमंत असतीलच असं नाही. घरात मतिमंद किंवा स्वमग्न मूल असतं. आई-वडिलांना रात्री झोप लागत नाही ती एकाच विचाराने: आपल्यामागे याचं कोण? अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ते मूल सज्ञान, मग त्याच्या नावच्या ठेवीवर सही कुणी करायची? अशा व्यक्तींसाठी १९९९ सालचा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना अठराव्या वर्षानंतरही पालक नेमून मिळतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातील स्थानिक समितीमार्फत. पण पालक माणसाची काळजी घेतो, पैसा येणार कुठून? तिथे खासगी ट्रस्ट लागतो. पालक एक आणि पैशाचे विश्वस्त दुसरे, अशी मांडणी केली की एकमेकांवर नजर राहते. मोठ्या भावाच्या नावावर घर करून 'तू याला सांभाळ' म्हणण्यापेक्षा हे बरं. भाऊ कितीही चांगला असो, उद्या त्याच्याच नोकरीवर गदा आली, कर्ज झालं, तर सावकार आणि बँक घर पाहतात, घरातला भाऊ पाहत नाहीत. ट्रस्टचं घर विश्वस्ताच्या स्वतःच्या कर्जापोटी जात नाही.

लहान मुलांच्या नावाने मुदत ठेव करून निश्चिंत होणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावं. अठराव्या वाढदिवसाला ती सारी रक्कम त्या मुलाची होते. जमिनीचे पैसे अठरा वर्षांच्या पोराच्या हातात. ट्रस्टमध्ये हे वय पंचवीस ठेवता येतं, किंवा निम्मी रक्कम एकवीसला आणि निम्मी सव्विसाव्या वर्षी असंही ठरवता येतं.

मोरेवस्ती, साने चौक, घरकुल या भागांत मराठवाडा, खानदेश, विदर्भातून कंपनीत कामाला आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांना वाटेल, आमच्याकडे विकायला जमीनच नाही, आम्हाला याचं काय? त्यांच्यासाठी यातलं सर्वांत स्वस्त आणि सोपं हत्यार १८७४ सालचं आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नीच्या, किंवा पत्नी आणि मुलांच्या हितासाठी म्हणून काढला आणि पॉलिसीवर तसं नमूद केलं, की तो आपोआप ट्रस्ट ठरतो. त्या रकमेवर नवऱ्याचा ताबा राहत नाही, त्याच्या सावकारांचा हक्क लागत नाही. अपवाद एकच, सावकारांना बुडवण्याच्या हेतूने विमा काढला असेल तर. वेगळा वकील नको. विमा घेताना एक जादा फॉर्म भरावा लागतो. तो प्रस्तावाच्या वेळीच भरायचा, नंतर आठवून उपयोग नसतो, आणि विमा प्रतिनिधी तो स्वतःहून क्वचितच पुढे करतो. हातउसने आणि कर्जाने पिचलेल्या घरात कर्ता माणूस गेला, की तेराव्याच्या आत दारात माणसं उभी राहतात. तेव्हा या एका कागदाची किंमत कळते.

इथे नॉमिनी या शब्दाविषयीचा गैरसमजही काढून टाकू. नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असं बहुतेकांना वाटतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनी वारसाची जागा घेत नाही. तो पैसे स्वीकारतो, वारस वेगळे ठरतात.

आता कारभार. ट्रस्टचा पॅन वेगळा, बँक खातं वेगळं. घरखर्चाचा एक रुपयाही त्या खात्यातून परस्पर जाता कामा नये. कायदा विश्वस्ताकडून अपेक्षा ठेवतो ती साध्या शहाण्या माणसाने स्वतःच्या मालमत्तेची घ्यावी तेवढ्या काळजीची. गुंतवणूक ट्रस्टपत्रात परवानगी दिलेल्या ठिकाणी किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या रोख्यांत करायची. या तरतुदीत २०१६ साली दुरुस्ती झाली आहे, त्यामुळे जुने नमुने झेरॉक्स करून वापरू नका. ट्रस्टचा पैसा विश्वस्ताने स्वतःला किंवा सहविश्वस्ताला उसना द्यायचा नाही. ट्रस्टची जागा विकण्याचं काम ज्याच्याकडे आहे, त्याने ती स्वतःच घ्यायची नाही, मेव्हण्याच्या नावानेही नाही. आणि दुसऱ्या विश्वस्ताची लबाडी कळून गप्प बसलेला विश्वस्तही जबाबदार धरला जातो.

काळजीचं एक ताजं उदाहरण आमच्याच भागातलं आहे. कित्येक घरांचं उत्पन्न म्हणजे कुदळवाडीतल्या पत्राशेडचं भाडं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली आणि ते भाडं एका आठवड्यात थांबलं. एखाद्या विधवेचा महिन्याचा खर्च ट्रस्टने अशाच भाड्यावर टांगून ठेवला असता, तर त्याला शहाण्या माणसाची काळजी म्हणता आलं नसतं. बांधकामाला परवानगी आहे का, हे विश्वस्ताने पहिल्या दिवशी विचारायचं असतं.

लाभार्थ्याला हिशेब पाहण्याचा हक्क आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास बहुतेक मंडळी गावी जमतात तेव्हा, विश्वस्तांनी जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा. घरातल्या सुनाही बसू द्याव्यात. इतिवृत्ताची एक वही ठेवा आणि तिच्यात सह्या घ्या.

कराविषयी थोडक्यात सांगतो, कारण लोक येतात ते 'ट्रस्ट केला की टॅक्स वाचतो ना?' हा प्रश्न घेऊन. बहुतेक वेळा वाचत नाही. कुणाला किती हे ट्रस्टपत्रात ठरलेलं असेल तर ज्याचं उत्पन्न त्याच्या हिशेबाने कर लागतो. किती द्यायचं ते विश्वस्तांच्या मर्जीवर ठेवलं असेल तर साधारणपणे सर्वांत वरच्या दराने कर बसतो. त्याला अपवाद आहेत, मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट हा त्यांतला एक. ट्रस्ट हवा तेव्हा मोडून पैसे परत घेण्याची सोय ठेवली तर उत्पन्न तुमचंच धरलं जातं. ट्रस्ट फक्त नातेवाइकांच्या हितासाठी असेल तर त्यात तुम्ही घातलेली रक्कम ट्रस्टचं उत्पन्न मानली जात नाही. म्हणून लाभार्थ्यांच्या यादीत प्रेमापोटी एखादा मित्र घालू नका. कर्ज डोक्यावर आल्यावर मालमत्ता लपवण्यासाठी केलेला ट्रस्ट कोर्टात टिकत नाही, हेही सांगून ठेवतो.

आणि सर्वांनाच ट्रस्ट हवा असं मी म्हणणार नाही. मुलं सज्ञान, समजूतदार, मालमत्ता एक फ्लॅट आणि थोड्या ठेवी, असं असेल तर नीट लिहिलेलं मृत्युपत्र पुरेसं आहे. ट्रस्टला दरवर्षी हिशेबनीस लागतो, विवरणपत्र भरावं लागतं. थोड्या रकमेसाठी हा खटाटोप परवडत नाही.

राहिला प्रश्न ट्रस्ट संपण्याचा, ज्याचा मसुदा करताना कुणी विचारच करत नाही. समजा मुलगी पंचवीस वर्षांची झाली आणि ट्रस्टची मुदत संपली. त्या दिवशी विश्वस्तांनी शेवटचा हिशेब तिच्यापुढे ठेवायचा, देणी आणि कर चुकता करायचा, ठेवींच्या पावत्या आणि घराची कागदपत्रं तिच्या हवाली करायची. घर असेल तर तिच्या नावे दस्त करून त्याची नोंद करायची आणि सिटी सर्व्हेला, महापालिकेत नाव लावून घ्यायचं. मिळालं त्याची पोच तिच्या सहीने घ्यायची, खातं बंद करायचं, शेवटचं विवरणपत्र भरून पॅन परत करायचा. आणि त्या वह्या रद्दीत न घालता तिच्याचकडे द्यायच्या.